आधी चुकांची यादी दाखवा : कायदे करणाऱ्यांना आणि न्याय देणाऱ्यांना खुले पत्र

कायदेमंडळांचे सदस्य आणि न्यायासनावर बसणारे न्यायाधीश,
आपणा सर्वांस सविनय नमस्कार.

मी अठरा वर्षे टेस्टर म्हणून काम केले. हिशेब ठेवणारी, बिले काढणारी, येणी-देणी जुळवणारी सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती पडण्याआधी ती कुठे मोडतात हे शोधणे, हा माझा पेशा. या पत्रात मी जे मागणार आहे ते त्या कामातूनच सुचले आहे. म्हणून त्यातली एक गोष्ट आधी सांगते, जी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

कुठलेही सॉफ्टवेअर निर्दोष होऊन बाहेर पडत नाही. रिलीजच्या आधी एक बैठक होते आणि तिच्यात एक यादी समोर येते. आम्ही तिला 'नोन इश्यूज' म्हणायचो. आम्हाला सापडलेले, पण दुरुस्त न करता तसेच सोडायचे ठरलेले दोष त्या यादीत असतात. दोष केव्हा उद्भवतो, किती गंभीर आहे, तो दुरुस्त होईपर्यंत वापरणाऱ्याने काय करावे, हे सगळे प्रत्येकापुढे लिहिलेले असते. यात कोणी लबाडी करत नसते. मुदत संपत आलेली असते, एक दुरुस्त करायला गेले तर दुसरे बिघडेल अशी धास्ती असते, आणि दोष क्वचितच उद्भवणारा असतो. यादीवर सही होते, सॉफ्टवेअर जगात जाते आणि यादी कंपनीतच राहते.

पुढे कधीतरी त्याच सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून एखाद्या माणसावर अफरातफरीचा आळ येतो. ती यादी त्याने पाहिलेली नसते, त्याच्या वकिलाने पाहिलेली नसते आणि न्यायाधीशांनीही पाहिलेली नसते. माझे सगळे म्हणणे एवढ्याभोवतीच आहे.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे प्रकरण आपण ऐकले असेल. लोकांना ते सॉफ्टवेअरच्या चुकीचे प्रकरण म्हणून आठवते. माझ्या मते ते त्याहून अधिक कायद्याच्या चुकीचे प्रकरण आहे. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली गेली. बहुतेक शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर पगारी नोकर नव्हते, ते कराराने बांधलेले होते, आणि हिशेबात तूट आली तर ती त्यांनीच भरून द्यायची असा पोस्टाचा आग्रह होता. पडद्यावर तूट दिसू लागली. कोणी साठवलेले पैसे भरले, कोणी कर्ज काढले, कोणी घर गमावले. मदतीसाठी फोन केला तर अनेकांना सांगण्यात आले की असा त्रास फक्त तुमच्याच शाखेत होतोय. त्यानंतरच्या वर्षांत ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब लिहिल्याच्या आरोपांखाली दोषी ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरी झालीच नव्हती.

आता कायद्याचा भाग. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाने काढलेला कागद पुरावा म्हणून आणायचा असेल तर तो संगणक त्या वेळी नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवावे, असे ते सांगत असे. १९९९ च्या एका कायद्याने हे कलम काढून टाकले. त्यानंतर उरले ते जुने गृहीतक : उलट काही दिसत नसेल तर यंत्र नीट चालत होते असेच धरायचे. ज्या वर्षी होरायझन शाखाशाखांत पोहोचू लागली त्याच वर्षी हे घडले. कोणी कट केला नव्हता. प्रत्येक खटल्यात संगणकाचे प्रमाणपत्र मागणे हा डोकेदुखीचा, पोकळ सोपस्कार होऊन बसला होता, ही तक्रार खोटी नव्हती. पण सोपस्कार काढताना त्यामागचा प्रश्नही काढून टाकला गेला. यंत्रात खोट आहे हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्या हाती यंत्राचा एक स्क्रूही नाही अशा माणसाच्या डोक्यावर येऊन बसले.

२०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या शाखेत काय झाले ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती. शाखा चालवणाऱ्या बाईंनी ८,००० पाउंडांची रोकड आपल्याच दुसऱ्या केंद्राच्या नावे नोंदवायला घेतली. पडदा गोठला. त्यांनी पुन्हा एंटर दाबले, मग पुन्हा, मग पुन्हा. रक्कम चार वेळा नोंदली गेली आणि हिशेबात २४,००० पाउंडांची तफावत उभी राहिली. पुढे प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूनेच मागे जाऊन शोधले तेव्हा पाच वर्षांत याच प्रकारच्या ११२ घटना सापडल्या.

झोप न लागण्याचे कारण असे की हा दोष मी स्वतः पाहिलेला आहे. वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळ्या कंपनीत. नेटवर्क मंद झाले की पावती नोंदवण्याचे बटण दाबल्यावर काही क्षण काहीच हलत नसे, आणि तेवढ्यात कोणी दुसऱ्यांदा दाबले तर पावती दोनदा चढे. प्रोग्रामर म्हणाला, "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय." हे वाक्य प्रत्येक टेस्टरने शेकडो वेळा ऐकलेले असते. मी तो दोष नोंदवला, मधल्या श्रेणीत टाकला. बैठकीत तो किरकोळ श्रेणीत गेला. उपाय म्हणून यादीत एक ओळ लिहिली गेली : वापरकर्त्याने बटण एकदाच दाबावे. मी सही केली.

ती ओळ पुन्हा वाचा. दोष आमचा, आणि वागणे सुधारायचे वापरणाऱ्याने.

होरायझनचीही अशी यादी होती. तिचे नावच 'नोन एरर लॉग' होते आणि तिच्यात हजारो नोंदी होत्या. ५५५ जणांनी मिळून पोस्टावर दावा लावला तेव्हा ती यादी मिळवण्यासाठीही त्यांना झगडावे लागले. ती आणि तिच्यासारखी इतर कागदपत्रे न्यायालयात आल्यावरच चित्र पालटले. डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी म्हटले की होरायझन निर्दोष असल्याचा पोस्टाचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखे आहे. फुजित्सूचे कर्मचारी शाखेतल्या माणसाच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात बदल करू शकत होते, हेही तिथेच प्रस्थापित झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. पहिल्या शिक्षांपासून मोजले तर वीस वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर काही जण आपले नाव निर्दोष झालेले न बघताच गेले.

यादी पहिल्याच खटल्यात मागवली असती तर?

हे पत्र आज लिहिण्याचे कारण असे की यंत्र नीटच चालते हे हिशेबाच्या वहीपुरते असलेले गृहीतक आता सगळीकडे पसरले आहे. कर्ज द्यायचे की नाही, नोकरीच्या अर्जांतले कोणते पुढे पाठवायचे, विम्याचा दावा मान्य करायचा का, कोणाच्या अनुदानाची चौकशी करायची, हे आधी यंत्र सुचवते आणि माणूस त्याखाली सही करतो. यासाठी मोठे बुद्धिमान यंत्र लागते असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या रोबोडेट या सरकारी वसुली योजनेत तर साधा भागाकार होता. सरकारी मदत घेणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न कर खात्याकडून घ्यायचे, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचे, आणि त्या सरासरीशी माणसाने त्या त्या पंधरवड्याला कळवलेले उत्पन्न जुळले नाही की त्याच्या नावे देणे काढायचे. ज्याला चार महिने काम होते आणि आठ महिने नव्हते त्याची सरासरी जुळणार कशी? पण नोटीस सांगायची, वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा आणि आम्ही चुकलो हे तुम्ही दाखवा. २०२३ मध्ये रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने ही योजना ना न्याय्य होती ना कायदेशीर, असे नोंदवले. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी बेकायदा देणी लादली गेली होती.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या भत्त्यासाठी अर्ज करणाऱ्यांची जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत अर्जदार डच नागरिक आहे का हाही एक निकष होता. भत्त्याच्या या एकूण घोटाळ्यात हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

धंद्यातही हेच चालले आहे, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत. माझा धाकटा भाऊ हाताने बांधलेल्या वह्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. एका सकाळी त्याचे खाते बंद. धोरणाचे उल्लंघन झाले आहे, एवढाच संदेश. कोणत्या धोरणाचे, कोणत्या वहीमुळे, केव्हा, काही नाही. त्याने अर्ज केला, अकरा मिनिटांत नकार आला. अकरा मिनिटांत कोणा माणसाने त्याचा अर्ज वाचला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. पाच आठवड्यांनी खाते जसे बंद झाले तसेच आपोआप उघडले. कारण तेव्हाही कळले नाही. त्या काळात त्याने गमावलेली गिऱ्हाइके परत आली नाहीत. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून बाजारपेठा चालवणाऱ्यांना खाते बंद करण्याची कारणे विक्रेत्याला लेखी कळवणे बंधनकारक केले आहे. ज्या देशांत असे काही नाही तिथला विक्रेता भिंतीशी भांडतो.

यावर ठरलेले उत्तर असते, "शेवटचा निर्णय माणूसच घेतो." हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला चिरडले. वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसले की गाडीच्या संवेदकांना ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ठरल्या जागेखेरीज कोणी पायी रस्ता ओलांडत असेल, ही शक्यताच प्रणालीत धरलेली नव्हती. गाडीत मूळची असलेली आपत्कालीन ब्रेकची सोयही स्वयंचलित चालीत बंद ठेवलेली होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. आसनावर बसलेली, मोबाइलमध्ये लक्ष असलेली चालक दोषी ठरली. तिची चूक होती हे मी नाकारत नाही. पण तासन्‌तास काही न करता फक्त बघत राहा आणि एका क्षणी दचकून जागे व्हा, हे माणसाकडून होत नाही, आणि हे गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक असते. मेडलिन क्लेअर एलिश या संशोधिकेने अशा माणसाला गाडीच्या पुढच्या चेपणाऱ्या भागाची उपमा दिली आहे. धडक झाली की तो भाग चेपतो आणि आतले सुरक्षित राहते. इथे माणूस चेपतो आणि यंत्रणा सुरक्षित राहते.

म्हणून कायद्यात 'मानवी देखरेख' असे दोन शब्द लिहिले की काम झाले असे कृपा करून समजू नका. देखरेख करणाऱ्याला दिवसाला किती प्रकरणे बघायची असतात, यंत्राचा निर्णय फिरवायचा अधिकार त्याला आहे का, आणि फिरवला तर त्याच्याकडेच खुलासा मागतात का, हे विचारा. युरोपच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने, यंत्र म्हणते तेच खरे मानण्याच्या माणसाच्या ओढीचा निदान नावाने उल्लेख केला आहे.

दुसरी पळवाट यंत्राला वेगळी व्यक्ती मानण्याची. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने आजीच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. त्याने पैसे मागितले तेव्हा कंपनीचा बचाव असा होता की आपल्या चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. संकेतस्थळावरचे सगळे तुमचेच, मग ते साध्या पानावर लिहिलेले असो की चॅटबॉटने सांगितलेले. रक्कम जेमतेम ८१२ कॅनडियन डॉलर होती, पण लहान दाव्यात सांगितलेले हे तत्त्व मोठे आहे, आणि ते प्रत्येक देशाच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

मजकूर तयार करणाऱ्या या नव्या यंत्रांबद्दल टेस्टर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तेच बटण त्याच परिस्थितीत दाबले तर तोच दोष पुन्हा येतो. आमचा सगळा पेशा या एका आधारावर उभा होता. नव्या यंत्राला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन उत्तरे मिळू शकतात. त्याची 'नोन इश्यूज' यादी पूर्ण कधी होतच नाही. न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते खरे आहेत का, असे त्या यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्र हो म्हणाले होते. जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राच्या बाजूने यंत्राचीच साक्ष घेतली की असे होते. जुन्या यंत्रांसाठी 'ते बरोबरच असेल' हे गृहीतक धोक्याचे होते. या यंत्रांसाठी त्याला काहीच आधार नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील की माणूसही चुकतो, पक्षपात करतो, थकतो. खरे आहे. पण माणसाची उलटतपासणी घेता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : प्रत्येक वाहतूक दंडात, प्रत्येक वीजबिलात यंत्राची कुंडली मागितली तर न्यायालये ठप्प होतील. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी मागत नाही. माणूस आकडा मान्य करत असेल तर प्रश्नच मिटला. पण तो म्हणत असेल की हे चूक आहे, आणि त्याचे स्वातंत्र्य, पोट, घर किंवा धंदा पणाला लागला असेल, तर यंत्राच्या आधारे त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्याने तीन कागद पुढे ठेवावेत. त्या आवृत्तीच्या ज्ञात दोषांची यादी. त्या दिवशीचा लॉग, म्हणजे यंत्राने काय केले, केव्हा केले आणि बाहेरून कोणी हात घातला होता का याची नोंद. आणि अशीच तक्रार आणखी किती जणांनी केली आहे त्याचा तपशील. हे तिन्ही कंपनीकडे आधीच तयार असतात. मी आयुष्यभर तेच तयार करत आले. ते पुढे ठेवले नाहीत तर यंत्र नीट चालत होते असे धरू नये.

व्यापारी गुपित, असे उत्तर लगेच येईल. त्यावरही वाट निघालेली आहे. ऑस्ट्रियात महिना दहा युरोंच्या मोबाइल करारासाठी एका बाईला यंत्राने काढलेल्या पतगुणांवरून नकार मिळाला. तिने कारण मागितले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की तिची कोणती माहिती कशी वापरून हा निष्कर्ष निघाला हे तिला समजेल अशा भाषेत सांगा, नुसते गणिती सूत्र हाती देऊन भागणार नाही. आणि काही गुपित असेल तर ते न्यायालयाकडे किंवा देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे द्या, तोल ते पाहतील. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या उत्पादन-दायित्व निर्देशानुसार सॉफ्टवेअर हे उत्पादनच आहे, आणि तांत्रिक गुंतागुंतीमुळे दोष सिद्ध करणे फिर्यादीला फारच अवघड असेल तर न्यायालय विशिष्ट अटींवर दोष गृहीत धरू शकते. सदस्य देशांना तो ९ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यांत आणायचा आहे. खुद्द ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने २०२५ च्या सुरुवातीला संगणकीय पुराव्याच्या त्या जुन्या गृहीतकावर लोकांची मते मागवली. जे १९९९ मध्ये काढले त्याच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो आहे. बाकीच्या देशांनी आपले ९०० लोक तुरुंगाच्या दारात जाईपर्यंत वाट पाहू नये.

न्यायाधीश महोदय, आपल्याला यासाठी नव्या कायद्याचीही गरज नसावी. पुढच्या वेळी कोणी संगणकाचा कागद पुढे करून म्हणाले की आकडे खोटे बोलत नाहीत, तर एवढेच विचारा : या आवृत्तीच्या ज्ञात दोषांची यादी कुठे आहे? समोरच्या बाजूचे चेहरे पाहा. ती यादी असते हे त्यांना ठाऊक असते.

मी काम सोडून चार वर्षे झाली. निघताना माझ्या नावावरच्या नोंदी दुसऱ्याकडे सोपवल्या. त्यांत ती पावती दोनदा चढण्याची नोंदही होती. स्थिती : खुली. श्रेणी : किरकोळ. उपाय : वापरकर्त्याने बटण एकदाच दाबावे. ते सॉफ्टवेअर अजून वापरात आहे. त्या दोषामुळे कोणाच्या गल्ल्यात तूट दिसली का, आणि दिसली असेल तर ती कोणी भरली, हे मला कोणी सांगितलेले नाही. ते विचारण्याचा अधिकार मला नाही. तो आपल्याला आहे.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर टेस्टर